दृष्टांत आणि दार्ष्टांतिक : राजकीय वादातील उपमांचा विचार

राजकीय सभेत वक्त्याने अर्धा तास आकडे सांगितले, तर श्रोते सौजन्याने ऐकून घेतात. पण त्याच वक्त्याने एक चपखल उपमा दिली की सभा त्याच्या हाती येते. ‘घराला आग लागली असताना विहीर कोठे खणावी याची चर्चा काय करता?’ असे कोणी म्हटले म्हणजे वाद संपल्यासारखा वाटतो. वस्तुतः तेथे वादाला सुरुवातही झालेली नसते. आग खरोखर लागली आहे काय, लागली असल्यास ती कोणाच्या घराला, आणि वक्ता जे ओतावयास सांगत आहे ते पाणीच आहे काय, हे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे शिल्लक असतात. उपमेने ते सोडविलेले नसतात. केवळ दृष्टीआड केलेले असतात.

काव्यात उपमा चुकली तर फार तर एक ओळ बिघडते. राज्यकारभारात उपमा चुकली तर माणसे मरतात, उद्योग बसतात, कायदे वाकडे होतात. म्हणून या विषयाचा विचार अलंकारशास्त्रापेक्षा नागरिकशास्त्राचा भाग समजून करावा, असे आम्हांस वाटते.

उपमेवाचून गत्यंतर नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. राजकीय चर्चेतून उपमा अजिबात हद्दपार कराव्यात असे कोणी म्हणेल, तर ते शक्य नाही आणि इष्टही नाही. ‘राज्य’, ‘राष्ट्र’, ‘लोकमत’ या वस्तू कोणी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. अदृश्य वस्तूंविषयी बोलावयाचे तर दृश्य वस्तूंचा आधार घ्यावाच लागतो. आपण राज्यशकट हाकतो, सत्तेची सूत्रे हाती घेतो, शेतकऱ्याला राष्ट्राचा कणा म्हणतो. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये राज्याला जहाजाची उपमा दिली, आणि ‘सुकाणू धरणे’ हा प्रयोग आज जगातील कितीतरी भाषांत रूढ आहे. या उपमेत प्लेटोचा सिद्धांतही आधीच बसलेला आहे : जहाज चालविणे हे जाणकाराचे काम, खलाशांच्या मतदानाचे नव्हे. परंतु जहाज कोणत्या बंदराला न्यावयाचे, हे ठरविण्याचा हक्क कोणाचा? तो सुकाणूवाल्याचा नसून प्रवाशांचा आहे, असे म्हटल्याबरोबर तीच उपमा लोकशाहीच्या बाजूने बोलू लागते.

इतिहासातील प्रसंगांचा दाखला हीसुद्धा एक उपमाच होय. आपल्याकडे निवडणुकीत कोणाचा मोठा पराभव झाला की वृत्तपत्रे ‘पानिपत झाले’ म्हणून मथळा देतात. पक्ष सोडणारा ‘सूर्याजी पिसाळ’ ठरतो. बाहेरून प्रचाराला आलेला नेता मोगलांच्या फौजेचा सरदार होतो. पानिपत म्हणजे सर्वनाश, असे बोलणारा गृहीत धरतो. पण १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहारानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १७७१ साली, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली, हाही इतिहासच आहे. ज्याला ‘पानिपत’ शब्द वापरावयाचा आहे त्याने हे दुसरे वर्षही हिशेबात धरले, तर त्याच शब्दाचा अर्थ पालटून जाईल. दाखला देणारा इतिहास सांगत असल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो इतिहासातील एक पान फाडून दाखवीत असतो.

आपल्या शास्त्रांनी काय सांगितले?

या बाबतीत आपल्या पूर्वजांनी जी शिस्त घालून दिली आहे, तिचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल. न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. नेहमीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे जेथे धूर असतो तेथे तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच धुराने युक्त आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. येथे स्वयंपाकघर हा दृष्टांत आहे. परंतु पर्वत आणि स्वयंपाकघर एकमेकांसारखे दिसतात म्हणून अनुमान सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते धूर आणि अग्नी यांच्या नित्य संबंधामुळे. शिवाय उलट बाजूचे उदाहरणही पाहिले जाते : सरोवरात अग्नी नाही आणि धूरही नाही.

हेतू काढून टाकून केवळ सारखेपणाच्या बळावर जो प्रतिवाद केला जातो, त्याला नैयायिकांनी ‘साधर्म्यसमा’ असे नाव दिले आणि चोवीस जातींच्या, म्हणजे फसव्या उत्तरांच्या, यादीत त्याला पहिले स्थान दिले. विशेष हे की, त्याच्या लगेच पुढे ‘वैधर्म्यसमा’ ठेवली आहे. केवळ वेगळेपणा दाखवून समोरच्याचे म्हणणे उडवून लावणे हीही तितकीच लबाडी होय. ‘ती गोष्ट वेगळी, ही वेगळी’ एवढेच म्हणून कोणत्याही दृष्टांताचे खंडन होत नाही. कारण जगातील कोणत्याही दोन गोष्टी कोठे ना कोठे वेगळ्या असतातच. प्रश्न असा असतो की, ज्या मुद्द्यावर निष्कर्ष अवलंबून आहे त्या मुद्द्यावर त्या वेगळ्या आहेत काय?

मराठी भाषेपुरते बोलावयाचे तर महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ हा ग्रंथ येथे आठवतो. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी संकलित केले, तेव्हा प्रत्येकाची रचना तीन भागांत केली : आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सांगावयाचे तत्त्व. दृष्टांत म्हणजे गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतील कोणते अंग प्रस्तुत विषयातील कशाला लागू पडते याचा उलगडा. गोष्ट सांगून श्रोत्याला मोकळे सोडावयाचे नाही, तिचा हिशेब त्याच्यापुढे मांडावयाचा, ही ती पद्धत होती.

आम्हांस जे सांगावयाचे आहे ते यातच आहे. आजच्या राजकीय वादात दृष्टांत फार आहेत हा दोष नव्हे. दृष्टांत सांगितला जातो आणि दार्ष्टांतिक गाळले जाते, हा खरा दोष आहे.

पोट आणि हातपाय, पालक आणि पाल्य

दार्ष्टांतिक मागितले म्हणजे काय होते ते एका जुन्या गोष्टीवर पाहू. ख्रिस्तपूर्व ४९४ साली रोममधील सामान्य जन, कर्जाच्या जाचाला कंटाळून, शहर सोडून जवळच्या टेकडीवर जाऊन बसले. त्यांची समजूत घालण्यास मेनेनियस अग्रिप्पा गेला, आणि त्याने एक गोष्ट सांगितली, असे लिव्ही लिहितो. हातांनी, तोंडाने, दातांनी एकदा आळशी पोटाविरुद्ध संप केला. पण पोट उपाशी राहताच सगळेच अवयव सुकत चालले. तात्पर्य असे की, सरदारवर्ग हे राष्ट्राचे पोट आहे.

आता हिशेब मांडू. शरीरातील पोट अन्न घेते आणि त्याचे रक्त करून प्रत्येक अवयवाला परत पाठविते. कर्जदाराला बेड्या घालणारा रोमन सावकार काय परत पाठवीत होता? दुसरे असे की, हाताला आपण पोट व्हावे अशी इच्छा होत नाही आणि होऊ शकतही नाही. माणसाच्या मुलाला मात्र काहीही होता येते. आपल्याकडे पुरुषसूक्तातील अवयवांच्या कल्पनेवर चातुर्वर्ण्याचे समर्थन शतकानुशतके केले गेले, त्यातील मोडका सांधा हाच आहे. अग्रिप्पाच्या गोष्टीची उरलेली हकिकतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लोक परतले ते ‘ट्रिब्यून’ नावाचे स्वतःचे रक्षक-अधिकारी नेमण्याचा हक्क घेऊन परतले. गोष्टीने बोलणे सुरू झाले. तंटा मिटला तो कराराने.

पालक आणि पाल्य ही साम्राज्यवाद्यांची आवडती उपमा. व्यक्तिस्वातंत्र्याचा थोर पुरस्कर्ता जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ लिहिताना स्वातंत्र्याचे तत्त्व ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असे सांगितले, आणि कारण दिले ते हेच की असे समाज जणू अज्ञान वयात असतात. हा मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत पस्तीस वर्षे नोकरीस होता. आता दार्ष्टांतिक पाहा. कायद्यात पाल्य कोणत्या दिवशी सज्ञान होतो ते ठरलेले असते, तो दिवस पालकाच्या मर्जीवर नसतो, आणि त्या दिवशी पालकाला न्यायालयात हिशेब द्यावा लागतो. हिंदुस्थानच्या बाबतीत १९१९ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत काय लिहिले होते? पुढील प्रत्येक पाऊल केव्हा आणि कसे टाकावयाचे हे ब्रिटिश पार्लमेंटच ठरवील! जो पालक सज्ञानतेचा दिवस स्वतःच ठरवितो आणि हिशेबही स्वतःच तपासतो, त्याला पालक हा शब्द लागू पडत नाही.

म्यूनिकची सावली

गेल्या शतकातील राजकारणावर ज्या एका दाखल्याचा सर्वांत अधिक पगडा बसला, तो म्हणजे म्यूनिक. ३० सप्टेंबर १९३८ रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी हिटलरशी करार करून चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतन प्रांत त्याला देऊन टाकला. साडेपाच महिन्यांनी हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले, आणि १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले. यातून निघालेला धडा असा : आक्रमकाला एक घास दिला की त्याची भूक वाढते, म्हणून पहिल्याच घासाला त्याचा हात धरावा.

हिटलरपुरता हा धडा खरा होता. पण २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तच्या नासेरने सुएझ कालव्याच्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांना समोर नवा मुसोलिनी दिसू लागला. विरोधी पक्षाचे नेते गेट्स्केल यांनीही पार्लमेंटात हिटलर-मुसोलिनींचीच आठवण काढली. आता सांधे जुळवून पाहा. हिटलरने दुसऱ्याचा मुलूख घेतला होता; नासेरने आपल्याच मुलखातील एक कंपनी ताब्यात घेतली होती आणि भागधारकांना भरपाई देऊ केली होती. हिटलरपाशी युरोपातील एक बलाढ्य सेना होती. नासेरपाशी तशी काहीच नव्हती. इजिप्शियन लोकांना कालवा चालविता येणार नाही असे म्हटले जात होते. त्यांनी तो चालवून दाखविला. तरीही ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. अमेरिकेचा दबाव आणि संयुक्त राष्ट्रांतील निषेध यांमुळे ६ नोव्हेंबरला लढाई थांबवावी लागली, आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन यांनी राजीनामा दिला. ते स्वतः १९३८ साली चेंबरलेनच्या धोरणाशी न पटून मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. ज्या प्रसंगाने आपण शहाणे ठरलो त्या प्रसंगाची उपमा माणसाला सर्वांत अधिक फसविते, असेच यावरून दिसते.

यापेक्षा महाग पडला तो व्हिएतनामचा प्रसंग. ७ एप्रिल १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहौअर यांनी वार्ताहरांपुढे डॉमिनोच्या सोंगट्यांची उपमा दिली : ओळीत उभ्या केलेल्या सोंगट्यांतील पहिली पाडली की शेवटचीही पडणारच. २८ जुलै १९६५ रोजी अधिक सैन्य पाठविण्याची घोषणा करताना अध्यक्ष जॉन्सन यांनी म्यूनिकचा धडा पुन्हा सांगितला. त्याच सरकारात जॉर्ज बॉल नावाचे अधिकारी मात्र निराळा दाखला देत होते. १९५४ साली दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा जो पराभव झाला, तो परकी सैन्याचा राष्ट्रवादी लोकांनी केलेला पराभव होता. तोच आपल्याही वाट्याला येईल, असे त्यांचे म्हणणे. जून १९६५ च्या अखेरीस अध्यक्षांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी या दाखल्यावर एक टिपण लिहिले, आणि अमेरिका म्हणजे फ्रान्स नव्हे, असा निर्वाळा दिला. फ्रान्स वसाहतवादी होता, दुबळा होता, घरात दुभंगलेला होता. अमेरिका तशी नाही, असे हे म्हणणे. म्हणजे म्यूनिकचे साम्य न तपासता स्वीकारले गेले आणि दिएन बिएन फूचे साम्य वैधर्म्य दाखवून उडविले गेले. गौतमाच्या यादीतील पहिल्या दोन चुका एकाच कचेरीत एकाच उन्हाळ्यात घडल्या!

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. तोपर्यंत ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिकांचा बळी गेला होता, आणि व्हिएतनामी मृतांची गणना लाखांनी करावी लागते. सोंगट्यांचे काय झाले? त्याच वर्षी कंबोडिया व लाओस साम्यवाद्यांच्या हाती गेले. तेवढ्यापुरती उपमा खरी ठरली. पण थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया पडले नाहीत. उलट १९७८ च्या अखेरीस साम्यवादी व्हिएतनामने साम्यवादी कंबोडियावर स्वारी केली, आणि १९७९ च्या आरंभी साम्यवादी चीनने व्हिएतनामवर. लाकडी सोंगट्यांना स्वतःचा इतिहास नसतो, शेजाऱ्याशी जुने वैर नसते, देशांना असते. उपमेने नेमके तेच झाकून ठेवले होते.

याच काळातील एक वेगळे उदाहरणही नोंदविले पाहिजे. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे आढळली, तेव्हा हवाई दलप्रमुख लीमे यांनी अध्यक्ष केनेडींना तोंडावर सुनावले की, तुमची नाकेबंदी म्हणजे जवळजवळ म्यूनिकच होय. परंतु त्या चर्चेत आणखीही दाखले होते. क्युबावर न कळविता बाँब टाकणे म्हणजे जपानने पर्ल हार्बरवर जे केले तेच आपण करणे, असे रॉबर्ट केनेडींना वाटत होते. १९१४ साली कोणालाच नको असलेल्या महायुद्धात युरोप कसा घसरत गेला, हे सांगणारे बार्बरा टकमन यांचे पुस्तक अध्यक्षांनी त्याच वर्षी वाचले होते. एका दाखल्याने दुसऱ्याला अडविले. कोणताच एकटा राज्य करू शकला नाही. आणि विचाराला तेरा दिवस मिळाले.

जी उपमा अर्धी खरी असते

काही उपमा सरसकट खऱ्या नसतात आणि सरसकट खोट्याही नसतात. अशा वेळी दार्ष्टांतिक अधिकच जपून करावे लागते. ‘घरखर्च जसा मिळकतीत भागवावा, तसाच देशाचा’ ही त्यांतील प्रमुख. एका कुटुंबाने खर्च कमी केला तर त्याची मिळकत घटत नाही. पण एका माणसाचा खर्च हीच दुसऱ्याची मिळकत असते. सगळ्या देशाने आणि सरकारनेही एकदम हात आखडला, तर मिळकतच आटते. १९३१ साली मंदी चालू असताना ब्रिटिश सरकारने पगार आणि बेकारभत्ते कापले. १९३३ च्या आरंभी तेथील बेकारांची संख्या ३० लाखांच्या आसपास होती. केन्स यांनी जे अर्थशास्त्र मांडले त्याचा एक मोठा भाग म्हणजे या घरगुती उपमेचे दार्ष्टांतिकच होय.

परंतु यावरून ही उपमा टाकाऊ समजू नये. १९९१ साली भारतापाशी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकी चलन उरले, आणि सोने परदेशी पाठवून कर्ज उभारावे लागले. तेव्हा आपली स्थिती कर्जबाजारी गृहस्थासारखीच होती. कारण रुपये छापता येतात, डॉलर छापता येत नाहीत. उपमा तीच, एका जागी लागू आणि दुसऱ्या जागी गैरलागू. का, ते सांगणारा हेतू सापडला म्हणजे उपमा आपली दासी होते. तो न सापडला तर आपण तिचे दास होतो.

सदुपयोगाची परंपरा

सदुपयोगाची उदाहरणे शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. पुण्यातील शूद्रातिशूद्र आणि अमेरिकेतील निग्रो गुलाम यांची सांगड घालणे हा त्या काळी मोठाच धाडसी दृष्टांत होता. त्याने हे दाखविले की, ज्याला तुम्ही धर्म म्हणता त्याला दुसऱ्या देशात अन्याय म्हणतात, आणि तो कायद्याने बंद करता येतो.

डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायका’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात म्हणजे एकेक मजला. पण या मजल्यांना शिडीच नाही. ‘उच्चनीचता सर्वच समाजांत असते’ असे म्हणणाऱ्याला या उपमेत उत्तर आहे. कारण मजले इतरत्रही असतील, नसते ती शिडी. दृष्टांताचा नेमका सांधा कोणता, हे येथे दृष्टांतातच सांगून टाकले आहे.

याहून महत्त्वाचे हे की, गुलामगिरीचा दाखला आपल्या बाजूचा असूनही बाबासाहेबांनी तो तपासून घेतला. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना आहे. गुलाम हा मालकाची मालमत्ता असतो, म्हणून त्याला खाऊ घालणे, आजारात जपणे हे मालकाच्या हिताचे असते. अस्पृश्याच्या उपासमारीची जबाबदारी कोणावरच नसते. रोममध्ये गुलाम वैद्य होते, शिक्षक होते. अस्पृश्याला ते दरवाजे बंद. म्हणजे ज्या ठिकाणी दृष्टांत लंगडा पडतो, त्याच ठिकाणी त्यांना आपल्या विषयाचे खरे स्वरूप सापडले. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले असता, त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतील अस्पृश्य’ अशी करून दिली, ही आठवण त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितली. क्षणभर ते दुखावले. मग त्यांनी आपल्या बांधवांच्या दारिद्र्याचा, गलिच्छ वस्त्यांचा मनाशी आढावा घेतला आणि उपमा मान्य केली. प्रथम चटका, नंतर तपासणी आणि शेवटी स्वीकार, असा हा क्रम आहे.

श्रोत्यांचे काम

तेव्हा श्रोत्याने काय करावे? चार प्रश्न विचारावेत. या दोन गोष्टींत सारखे काय आहे, आणि निष्कर्ष त्याच सारखेपणावर उभा आहे काय? वेगळे काय आहे, आणि त्या वेगळेपणाने निष्कर्ष बदलतो काय? याच प्रश्नावर उलट बाजूला नेणारा दुसरा दाखला कोणता, आणि तो का घेतला नाही? आणि उपमा बाजूला ठेवून हेच म्हणणे साध्या शब्दांत सांगता येते काय? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर वक्त्यापाशी उपमेखेरीज काही नव्हते असे समजावे.

यासाठी न्यायशास्त्राचे अध्ययन लागत नाही. बाजारात वांगी घेताना गृहिणी वरचे एक चांगले वांगे पाहून टोपली उचलीत नाही. ती खालची चाळून पाहते. मतदाराने दृष्टांत घेताना याहून कमी काळजी घ्यावी असे कारण नाही. हीही एक उपमाच झाली, हे आमच्या ध्यानात आहे. तिचे दार्ष्टांतिक असे : दोन्हीकडे विकणारा चांगली बाजू वर मांडतो, आणि दोन्हीकडे किंमत घेणाराच देतो. वेगळेपणा इतकाच की, किडके वांगे घरी आणल्यावर टाकून देता येते. किडक्या दृष्टांतावर झालेला निर्णय पुढच्या पिढीलाही भोगावा लागतो. म्हणून टाळी वाजविण्यापूर्वी दार्ष्टांतिक विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ही सवय श्रोत्यांना लागली की वक्ते आपोआप सुधारतील.